एका पानाची तीन पानं

सोमवार, २४ मार्च

आज नव्या जागी पहिला दिवस. गोरेगाव पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. न दिसणाऱ्या मुलांसाठी इथे शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये छापतात. संस्था रुक्मिणीबाईंची. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पूर्वी शाळेत शिकवायच्या. अजूनही दहाच्या ठोक्याला हजर असतात, आणि आपण दहा-पाचला आलो तर काही न बोलता घड्याळाकडे बघतात.

बावीस वर्षं मी ऑफिसांना प्रिंटर विकले. अंधेरी ते बोरिवली असं एक ऑफिस नसेल जिथल्या शिपायाला मी नावाने ओळखत नाही. जानेवारीत आमची डीलरशिप बंद झाली. बायकोला, नीलाला, सांगून ठेवलंय की हे दोन महिन्यांपुरतं आहे, तोवर बरं काहीतरी मिळेल. ती फक्त बरं म्हणाली.

काम सरळ आहे. दहावीची त्रेचाळीस मुलं आहेत, दहिसरपासून घाटकोपरपर्यंत वेगवेगळ्या शाळांत. सोळा जूनला शाळा उघडेल, त्याआधी प्रत्येकाच्या हातात पुस्तकं हवीत. जुनं मशीन कायमचं बंद पडलंय. नव्यासाठी एकांनी देणगी दिलीय. कोणतं मशीन घ्यायचं ते मी ठरवायचं.

आतल्या खोलीत विमलाताई बसतात. चाळिशीच्या, जन्मापासून दिसत नाही. छापलेलं तपासायचं काम त्यांचं. मी आत गेलो तेव्हा त्या वाचत होत्या. पांढरं जाड पान, त्यावर पांढरेच उठाव. उजवा हात ओळीच्या शेवटाकडे जातोय, तेवढ्यात डावा खाली उतरून पुढची ओळ पकडतोय. मध्ये खंड नाही. तोंडाने माझ्याशी बोलत होत्या, कुठे राहता, दहिसरला कुठल्या बाजूला, नदीच्या की नाक्याच्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "इथे वेलांटी चुकलीय," आणि पुन्हा दहिसरवर आल्या.

मी बराच वेळ तसाच उभा होतो. आपण काय बघतोय ते नीट कळत नव्हतं.

बुधवार, २६ मार्च

हिशेब झाला. नऊ पुस्तकं मिळून अकराशे पानं. गुणिले त्रेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस हजार तीनशे. दोन मशीनं समोर आहेत. लहान टेबलावर मावणारं, तासाला शंभर पानं, कंपनी सांगते की महिन्याला वीस हजारांच्या आत ठेवा. मोठं जमिनीवर उभं राहणारं, त्याच्या तिप्पट वेगाचं, पानाच्या दोन्ही बाजूंना छापणारं.

अडीच महिने गुणिले वीस हजार, पन्नास हजार. लहान मशीन पुरतं. मी लहानच सुचवलं.

एक गोष्ट इथेच लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. बावीस वर्षांत मी लोकांच्या गळ्यात मोठी मशीनं मारली. दिवसाला चाळीस पानं छापणाऱ्या वकिलाला दिवसाला चार हजार पानं काढणारं मशीन. टार्गेट असायचं. आज पहिल्यांदा, समोरच्याला जेवढं लागतं तेवढंच विकत घ्यायला सांगितलं. वाचलेल्या पैशांत बाई कागद घेतील. घरी येताना छाती जरा पुढे होती.

बाईंनी पत्रावर सही केली, एक प्रश्न विचारला नाही. विमलाताईंनी मात्र विचारलं की तुम्ही पानं कुठली मोजलीत. म्हटलं पुस्तकातली, दुसरी कुठली? त्या काहीतरी सांगायला लागल्या. मी हसून म्हटलं, ताई, वाचायचं तुम्ही बघा, मोजायचं माझ्यावर सोडा. त्या पुन्हा पानाकडे वळल्या. वाचन एवढं तल्लख असलं तरी आकड्यांचं प्रत्येकालाच जमतं असं नाही.

बुधवार, ९ एप्रिल

मशीन आलं. आयुष्यात शेकडो मशीनं चालू करून दिली, पण असं नाही पाहिलं. शाई नाही, टोनर नाही, रंग नाही. आत बारीक लोखंडी हातोड्यांची रांग आहे. कागद पुढे सरकतो आणि हातोड्या खालून ठोकत जातात. पत्र्यावर कुणी मूठमूठ वाटाणे टाकत राहावं तसा आवाज. सोसायटीचे सेक्रेटरी खाली येऊन गेले. मी खाली जाड रबर घातलं, वरून लाकडी खोकं करून घेणार आहे.

पहिलं पान बाहेर आलं ते कोरंच दिसलं. मला वाटलं काहीतरी चुकलं. मग तिरक्या उजेडात धरलं तेव्हा शेकडो टिंबांच्या शेकडो सावल्या दिसल्या. विमलाताईंनी पान घेतलं. खिशातून रुमाल काढला, पानावर पसरला आणि रुमालावरून वाचलं. म्हणाल्या, रुमालाच्या वरून लागलं तर टिंब चांगलं. लागतंय.

आपण आजवर जे विकलं त्यातलं एकही पान कधी रुमालाखालून वाचता आलं नसतं, एवढंच सारखं मनात येत होतं.

गुरुवार, १७ एप्रिल

मजकूर कॉम्प्युटरवर ब्रेलमध्ये बदलतो, पण त्यात चुका पडतात. जोडाक्षरं फुटतात, कवितेच्या ओळी एकमेकींना चिकटतात, चित्रांच्या जागी काहीच येत नाही. विमलाताई एकेक ओळ दुरुस्त करवून घेतात. चित्र असेल तिथे त्यात काय आहे ते शब्दांत लिहायला लावतात. परवा मी एका चित्राखाली 'सुंदर डोंगर' लिहिलं. म्हणाल्या, सुंदर काढा, किती डोंगर आहेत आणि नदी कुठल्या बाजूला आहे ते लिहा. मी पुन्हा चित्र बघितलं. खरंच, नदी होती. मला दिसलीच नव्हती.

गुरुवार, २४ एप्रिल

आज मराठीच्या पुस्तकाची पहिली पूर्ण प्रत निघाली. छापील पुस्तक एकशे चोवीस पानांचं. ही प्रत तीनशे बाहत्तर पानांची.

मी पुन्हा मोजली. तीनशे बाहत्तर.

ब्रेलचं अक्षर लहान करता येत नाही. बोट जेवढं तेवढं अक्षर. एका पानावर पंचवीस ओळी, एका ओळीत चाळीस खुणा, त्यातही काना-वेलांटीची खूण वेगळी. आपल्या एका पानाची इथे तीन पानं होतात. हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त मला नव्हतं.

अकराशेची तेहतीसशे. गुणिले त्रेचाळीस, एक लाख एकेचाळीस हजार नऊशे. लहान मशीनला सात महिने.

तो गठ्ठा टेबलावर ठेवला, एक वीत उंच झाला. अशी नऊ. एका मुलाची दहावी एकावर एक रचली तर माझ्या डोक्याच्या वर जाईल. दहावी पास झालेली मुलं इथे येतात, हसतखेळत, कॉलेजच्या गप्पा मारत. हे एवढं सगळं त्यांच्या एका बोटाखालून गेलेलं असतं. 

शुक्रवार, २५ एप्रिल

सांगितलं नाही. दोनदा बाईंच्या टेबलापाशी गेलो. एकदा कागदाचं बोललो आणि एकदा पंख्याचं.

शनिवार, ३ मे

सोमवारपासून मी सकाळी सहाला येतो आणि रात्री आठला निघतो. मशीन चौदा तास चालतं, दिवसाला चौदाशे पानं. बाईंना सांगितलंय की आवाजामुळे लोकांच्या वामकुक्षीच्या वेळी कमी चालवतो म्हणून वेळ वाढवलीय. शुद्ध थाप. बाई म्हणाल्या, तब्येत सांभाळा. त्यांचा माझ्यावर फार विश्वास आहे.

विमलाताईसुद्धा सहाला येऊ लागल्यात. बोरिवलीहून येतात, म्हणजे पाचला उठत असतील. मी म्हटलं तुम्ही कशाला. म्हणाल्या, सकाळी बसला गर्दी नसते. मशीन सुरू करायच्या आधी त्या झाकणावर हात ठेवतात. संध्याकाळी निघतानाही ठेवतात. सवय असेल.

चौदा तास चालवूनही सोळा जूनला निम्मीच होतात. माहीत आहे. तरी सकाळी बटण दाबतो.

मंगळवार, १३ मे

मराठीच्या त्रेचाळीस प्रती झाल्या, सोळा हजार पानं. इतिहासाची सहा हजार झाली होती. आज विमलाताईंनी ती सहाच्या सहा हजार परत केली.

म्हणाल्या, टिंबं बसलीत, सपाट झालीत. मी उजेडात धरून पाहिलं. मला सगळं आधीसारखंच दिसलं. जरा चिडलोच. म्हटलं, ताई, डोळ्यांनी तर सगळं ठीक दिसतंय. बोललो आणि जीभ चावली. त्यांनी राग मानला नाही. म्हणाल्या, उद्या सकाळी दहा मिनिटं द्या.

बुधवार, १४ मे

त्यांनी मला डोळे मिटायला लावले. डाव्या हाताखाली मराठीचं पान, उजव्या हाताखाली इतिहासाचं. पहिल्यांदा दोन्ही नुसती खरखरीत. म्हणाल्या, दाबू नका, बोट फिरवा. जसं झोपलेल्या बाळाच्या कपाळावरून फिरवतो तसं.

हळूहळू कळायला लागलं. डावीकडे प्रत्येक टिंब उभं होतं, टोकदार नाही पण ठाम. उजवीकडे काही टिंबं होती, काही नुसती शंका होती. खालच्या ओळीतली तर गेलीच होती. अक्षर 'ल' आहे की 'ब' हे खालच्या एका टिंबावर ठरतं. तेच बसलं की मूल भलताच शब्द वाचतं, आणि त्याला वाटतं चूक आपली आहे.

विमलाताई म्हणाल्या, "मशीन थकलंय, साहेब. गेले दहा दिवस संध्याकाळी झाकणावर हात ठेववत नाही."

मी डोळे उघडले. पुढ्यात दोन पांढरी पानं, अगदी सारखी.

गुरुवार, १५ मे

सांगितलं. बाई आणि विमलाताई दोघी समोर होत्या. पाठ करून आलो होतो, त्यातलं काही आठवलं नाही. म्हटलं, मी छापील पानं मोजली. तिप्पट धरायला हवी होती. मशीन लहान पडलं. एप्रिलमध्येच कळलं होतं आणि मी लपवलं. लपवण्यासाठी मशीन दामटलं आणि तेही बिघडवलं. राजीनामा लिहून आणला होता, तो टेबलावर ठेवला.

बाईंनी तो उचलला नाही. विमलाताई म्हणाल्या, "मी विचारलं होतं."

"हो," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही."

 मग बाईंनी मला विचारलं की मोठं मशीन आता घेता येईल का. म्हटलं, ते मागवलं तर यायलाच ऑगस्ट उजाडेल, आणि तेवढी देणगी आता उरलेलीही नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या की तीस वर्षांत एकदाही पुस्तकं शाळा उघडायच्या आधी मिळाली नाहीत, दिवाळीला मिळाली, एकदा तर परीक्षेनंतर मिळाली. यंदा त्यांनी प्रत्येक आईबापाला स्वतः फोन करून सांगितलंय की वेळेवर देऊ.

मला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. राजीनामा टेबलावरच होता. निघताना पाहिलं तर त्यावर बाईंनी पेपरवेट ठेवला होता, आणि पेपरवेटवर आपला हात.

शनिवार, १७ मे

मेकॅनिक आला. तीन हातोड्या बदलायला लागतील, आठ दिवस. बोलता बोलता म्हणाला, मशीन वाईट नाही हो, याला दिवसाला आठ तास आणि मध्ये विसावा द्या, दहा वर्षं चालेल.

दुपारी डबा खाताना विमलाताईंनी विचारलं, "मुलं सोळा जूनला नऊच्या नऊ पुस्तकं वाचतात का?"

मी म्हटलं, नाही, पहिला धडा वाचतात.

"मग पहिला धडा द्या."

घास हातात राहिला. बावीस वर्षं मी एकच प्रश्न विचारत आलो, एकूण पानं किती. कुठलं पान कुणाला कधी लागतं, हे एकाही गिऱ्हाईकाला विचारलं नाही. गरज भिंतीसारखी समोर उभी आहे आणि मशीन तिच्याएवढं उंच पाहिजे, असंच धरून चाललो होतो. गरज चालत येते, रोज थोडी.

डबा बाजूला सारून कागद ओढला. महिन्याला वीस हजार, मशीनच्या अंगाला जेवढं झेपतं तेवढंच. दुरुस्तीनंतर सोळा जूनपर्यंत प्रत्येक मुलाला तीनशे पानं देता येतात. मराठी पूर्ण झालंय, उरलेल्या आठ विषयांचा पहिला पहिला धडा त्यात बसतो. मग दर पंधरा दिवसांनी पुढचे धडे, शिकवण्याच्या एक पाऊल पुढे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं पान, आणि परीक्षा मार्चमध्ये. मी तीन वेळा ताडून पाहिलं. प्रत्येक वेळी जमत होतं. तेच लहान मशीन.

विमलाताईंना वाचून दाखवलं. या वेळी त्यांनी प्रत्येक आकडा मला परत विचारला, आणि मी प्रत्येकाचं उत्तर दिलं.

सोमवार, २ जून

विमलाताईंनी त्रेचाळीस घरी आणि सगळ्या शाळांत फोन केले. कुठला विषय कुठल्या धड्याने सुरू होणार ते विचारलं. दोन शाळा भूगोल मधूनच सुरू करतात. एक बाई गणिताचा दुसरा भाग आधी घेतात. हे सगळं विमलाताईंच्या डोक्यात आहे. मला ते वहीत उतरवायला तीन पानं लागली.

मशीन नऊला सुरू, सहाला बंद. मध्ये दर दोन तासांनी विसावा. आवाज पुन्हा सारखा झालाय. माझ्याही आता लक्षात येतं. पान हातात आलं की मी आधी बोट फिरवतो, मग बघतो. चार अक्षरं ओळखता येतात. काल 'आ' ओळखलं आणि एकटाच हसलो. नीलाने पेपरमधल्या एका नोकरीच्या जाहिरातीवर खूण करून ठेवली होती. ती जाहिरात कुठे ठेवली ते आठवत नाही.

शनिवार, १४ जून

आज मढला जाऊन आलो. बेचाळीस गठ्ठे शाळांमार्फत गेले. एकाच घरी न्यायला कुणी नव्हतं, रोशनी कोळीच्या. बाप चंदर गावाला गेलेला, आई बाजारात. मी म्हटलं, मीच जातो. मालाडहून बस. सोबत दोन पिशव्या, मराठीचं पुस्तक आणि वरची तीनशे पानं.

मासेमारी बंद आहे. होड्या किनाऱ्यावर ओढून निळ्या ताडपत्रीखाली झाकलेल्या. घराच्या ओटीवर रोशनीची आजी, सखुबाई, जाळं सांधत होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि मला सांगितलं की गेल्या वर्षी नात मोबाइलवर ऐकून अभ्यास करायची, आणि चार्जिंग संपलं की रडायची.

रोशनी बाहेर आली. पंधरा वर्षांची, बारीक, घाईघाईने वेणी घातलेली. पिशवी पुढ्यात ठेवली. तिने एकेक गठ्ठा काढून वरच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि नाव सांगून मांडला. इतिहास. भूगोल. बीजगणित. मग विचारलं, "परत कधी द्यायचं?"

"परत द्यायचं नाही," मी म्हटलं. "तुझं आहे."

तिने विज्ञानाचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि तिथेच वाचायला लागली. आजी म्हणाल्या, मोठ्याने वाच, आम्हाला पण कळू दे. धडा गुरुत्वाकर्षणाचा. तिचे दोन्ही हात पानावर चालत होते, एक ओळ संपवत, दुसरा पुढची धरत. मजकुरात आलं की चंद्र समुद्राला ओढतो, म्हणून भरती येते. आजींनी जाळ्यावरून मान वर न करता सांगितलं की ते त्यांना ठाऊक आहे, त्यांच्या बापालाही ठाऊक होतं, त्यात नवीन काय.

रोशनी पुढे गेली. पृथ्वी चंद्राला ओढते आणि चंद्र पृथ्वीला. आणि तेवढंच नाही. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते, लहान असो की मोठी, जवळ असो की लांब.

आजींचे हात थांबले. म्हणाल्या, ते पुन्हा वाच.

रोशनीचं बोट दोन ओळी वर गेलं, कुठेही न चाचपडता, आणि तिने तेच पुन्हा वाचलं, जरा सावकाश.

"म्हणजे मी पण चंद्राला ओढते?" सखुबाईंनी विचारलं.

रोशनीने विचार केला. "हो, आजी. थोडंसं."

आजींनी जाळं बाजूला ठेवलं. समोर समुद्र ओहोटीचा, खूप आत गेलेला. शेजारच्या दोन बायका काय चाललंय ते बघायला आल्या होत्या, त्याही ओटीच्या पायरीवर टेकल्या. आजींनी त्यांना सांगितलं, ऐका, पोर वाचतेय. मग रोशनीने सुरुवातीपासून पुन्हा सुरू केलं.

माझी बस गेली. पुढच्या बसला अवकाश होता. मी विचारलंही नाही किती. रोशनी दुसऱ्या पानावर आली होती.